हळूच

काचवाल्यांसारखी गाडी त्या अख्ख्या बाजारात कुणाला चालवता येत नव्हती, आणि हे काचवाले स्वतःच सगळ्यांना सांगत. पण खोटं नव्हतं ते. गाडीच्या मागच्या लाकडी चौकटीत काचा उभ्या करून जन्मभर हिंडलेला माणूस. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, केशकर्तनालयातले भिंतभर आरसे. एक धक्का चुकीचा बसला की सगळं मुसळ केरात. त्यामुळे त्यांच्या पायाला आपोआप शहाणपण आलं होतं. सिग्नल लाल होण्याआधीच त्यांची गाडी मंदावलेली असायची आणि मागचे लोक हॉर्न मारून मारून दमायचे. काचवाले ढिम्म.

त्यांच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणायचा. काचवाल्यांचा धाकटा भाऊ दिवसभर दुकानात पडीक असे, त्याच्या तोंडचं 'वहिनी, वहिनी' ऐकून चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. दुकानात काचेचं एक टोक काचवाल्यांच्या हातात आणि दुसरं हिच्या. मोठी काच उचलताना दोघं बोलत नसत, बोललं की लक्ष जातं. एकच शब्द चालायचा, 'हळूच'. काचवाले 'हळूच' म्हणाले की वहिनीने असेल तिथे थांबायचं. पाऊल पुढे टाकायचं नाही, हात हलवायचा नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, नवरा काय प्रेमळ मिळालाय बाई, सारखं आपलं हळूच हळूच करतो. मग कळलं की ते प्रेम काचेवर आहे.

तर एक दिवस काच कापताना कणी उडाली ती थेट काचवाल्यांच्या डोळ्यात. चष्मा लावायला काय झालं होतं? कपाळावर होता चष्मा! तो डोळा गेला तो गेलाच, आणि दुसऱ्याचंही काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं, गाडीला हात लावायचा नाही. काचवाले घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुकान तर चालवायला हवं. काचा काय डोक्यावरून न्यायच्या होत्या?

मग पन्नाशी उलटल्यावर वहिनी गाडी शिकली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळी पोरंटोरं, त्यात ही केसांत पांढरं झालेली बाई. मास्तर तरुण होता पण चांगला होता. त्याने तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली. "समोर काही आलं ना बाई, की आधी ब्रेक दाबायचा आणि मग विचार करायचा. उलटं केलं की संपलं." वहिनीने ते मनावर घेतलं. तिचा ब्रेक म्हणजे ब्रेक. कुत्रं दिसलं, ब्रेक. वाऱ्याने पिशवी उडाली, ब्रेक. शेजारच्या सीटवर बसलेल्या काचवाल्यांचं कपाळ समोर आपटता आपटता राहायचं. पहिल्याच महिन्यात मागे ठेवलेला एक लांबलचक आरसा खळ्ळकन फुटला, आणि त्यानंतर काचवाले दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण विम्याचं वर्ष भरलं.

गाडीच्या विम्याचं सगळं धाकटा बघायचा, कारण तोच विम्याचा एजंट होता. सगळ्या बाजाराच्या गाड्या त्याच्याकडे. तो कागद घेऊन आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "दादा, पाणी पिऊन घे आधी." आकडा बघून काचवाल्यांचा तिळपापड झाला.

"एवढे? आजवर कधी एक पैसा मागितला नाही मी कंपनीकडे!"

"तू नाही मागितलास. पण आता चालवणार वहिनी. नवी शिकलेली, त्यात वय. कंपनीच्या हिशेबात वहिनी म्हणजे फुटणारी काच."

"भावोजी, मी समोर बसलेय," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला कोण म्हणतंय वहिनी, कंपनी म्हणतेय."

मग त्यानेच तोडगा काढला. कंपनीने नवीन योजना आणली होती. गाडीत एक डबी बसवायची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. गाडी कशी चालते ते ती बघत राहणार आणि कंपनीला कळवत राहणार. वेग जास्त झाला, गुण गेले. ब्रेक करकचून दाबला, गुण गेले. वर्षभर गुण चांगले पडले की विम्यात सूट. काचवाल्यांचा एकुलता एक डोळा चमकला. आयुष्यभर ते ज्याची शेखी मिरवत आले, त्याची कुणीतरी अखेर किंमत करणार होतं. फक्त गाडी त्यांनी चालवायची नव्हती, एवढाच काय तो घोटाळा.

डबी बसली. ब्रेक जोरात दाबला की ती 'टूं' करून वाजायची, आणि रात्री काचवाल्यांच्या मोबाईलवर त्या दिवसाचं तोंड यायचं. हिरवं हसरं तोंड, पिवळं मख्ख तोंड किंवा लाल रडकं तोंड. पहिले काही आठवडे नुसती लाल. जेवायला बसलं की काचवाले मोबाईल तिच्या ताटाशेजारी ठेवायचे.

"बघ. आजचं तुझं तोंड."

"माझं नव्हे, तुमच्या डबीचं. समोर पोरगं धावत आलं तर काय करू, नमस्कार करू?"

"आधीपासून बघावं लागतं गं. ब्रेक आयत्या वेळी लावायची गोष्ट नाही."

बोलायला काय जातंय! पण नवऱ्याचा डोळा गेल्यापासून वहिनी त्याचं मन मोडत नव्हती, तीही मेहनतीला लागली. गोदामांच्या मागे मोकळी जागा होती, तिथे काचवाले तिला घेऊन जायचे. चपला काढायला लावायचे. "अनवाणी पायाने दाब. पायाखाली काच आहे असं समज." ती दाबायची. "अजून हळूच." ती पुन्हा दाबायची. असं तास न् तास. रस्त्यावरसुद्धा काचवाले शेजारी बसून सिग्नल आला की 'हळूच', वळण आलं की 'हळूच'. ब्रेक हा शब्दच त्या गाडीत कुणी उच्चारेनासं झालं. हळूच म्हणजे ब्रेक, पण पायाखाली काच ठेवून लावलेला ब्रेक.

आणि जमलं हो तिला. लाल गेलं, पिवळं आलं, मग हिरवं. पुढे पुढे तर हिरव्याशिवाय दुसरं तोंड दिसेना. डबी आहे की नाही अशी शंका यावी इतकी गप्प. वर्षअखेरीला धाकट्याने सूट आणून दिली, तेव्हा काचवाल्यांनी गिऱ्हाइकांना पकडून पकडून सांगितलं, "आमच्या हिला ड्रायव्हिंग स्कूलने बिघडवली होती, मी सुधारली." वहिनी आतून ओरडली, "उपकार झाले!" पण मनातून तिला बरं वाटलं. या वयात कुठल्या बाईला कोण गुण देतं?

ती दुपार लख्ख उन्हाची होती. एका नव्या इमारतीच्या खिडक्यांची मापं घेऊन दोघं परत येत होते. मापंच घ्यायची होती, त्यामुळे मागची चौकट रिकामी होती, गाडीत फुटण्यासारखं काहीच नव्हतं. रस्त्यात टायरचं दुकान लागतं. दुकान एका बाजूला आणि त्याची वखार समोरच्या बाजूला, म्हणून तिथले कामगार टायर हाताने घरंगळत रस्ता ओलांडतात. हे सगळ्यांना माहीत. वहिनीलाही माहीत.

आधी नुसता टायर आला. उभाच्या उभा, गोल गोल फिरत, एकटाच रस्त्यात शिरला. वहिनीला तो चांगला लांबून दिसला. आणि त्याच्या मागे हात पुढे करून वाकलेला पोरगा. त्याचं सगळं लक्ष टायरवर, कारण टायर त्याच्या हातून सुटला होता.

वहिनीचा पाय ब्रेकवर गेला. गेला म्हणजे जोरात गेला, मास्तरने शिकवला होता तसा.

"हळूच," काचवाले म्हणाले.

पाय सैल पडला.

"हळूच! अगं हळूच! हळूच!!" काचवाल्यांचा आवाज चढत गेला, फाटला. आणि ते जेवढं ओरडले तेवढा वहिनीचा पाय आणखी हलका झाला. अनवाणी होता तो. गाडी थांबत होती, अगदी शहाण्यासारखी थांबत होती, आणि थांबता थांबता तिने पोराला उडवलं. फार जोरात नाही. नुसता ढकलल्यासारखा पडला तो. पण पडला तो पदपथाच्या दगडी कडेवर, डोक्यावर. टायर मात्र पलीकडे जाऊन दुकानाच्या पायरीला टेकला.

डबी वाजली नाही.

पोरगा दवाखान्यात पोहोचायच्या आधीच गेला. चोवीस-पंचवीसचा असेल. घरी आई होती, लाँड्रीत इस्त्री करणारी, आणि दुसरं कुणी नाही.

पोलीस ठाण्यात वहिनीच्या तोंडून शब्द फुटेना. दात वाजत होते. काचवालेच बोलले. "साहेब, तो एकदम टायरमागून आला. हिचा काय दोष? वेग बघा ना किती कमी होता. मी ओरडलो सुद्धा, थांब, थांब म्हणून." वहिनीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो खोटं बोलत असल्यासारखा दिसत नव्हता, तेच भयंकर होतं. साहेबाने विचारलं, "बाई, अचानक आला का तो?" तिने मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसती थरथरली, ते तिलाही सांगता आलं नसतं. साहेबाने ती होकाराची धरली.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं.

"वहिनी, धीर सोडू नका. डबी आपल्या बाजूने आहे. कंपनीने सगळं बघितलं. वेग कमी. वर्षभराचे गुण उत्तम. आणि त्या वेळी जोराचा ब्रेक लागलेलाच नाही. म्हणजे काय, तर पोरगा इतका अचानक आला की ब्रेक दाबायला वेळच मिळाला नाही. चूक त्याची. तुम्ही फक्त तेवढं लिहून सही करून द्यायची. कंपनी मिटवून टाकेल."

"त्याच्या आईला?" वहिनीने विचारलं.

"काहीतरी मिळेल थोडंफार. चूक त्याची ठरली की जास्त नाही मिळत." धाकटा जरा घुटमळला, पण जिभेची सवय जाते थोडीच? "आणि एक आहे दादा, चूक आपली नसली की सूटसुद्धा जात नाही."

वहिनी म्हणाली, "भावोजी, वेळ होता."

"म्हणजे?"

"मला तो लांबून दिसला होता. पाय ब्रेकवर होता माझा. दाबला असता तर गाडी तिथल्या तिथे थांबली असती. मी दाबला नाही."

मग धाकटा उठून तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि एरवीच्या थट्टेच्या आवाजात नव्हे, वेगळ्याच आवाजात बोलला. "वहिनी, हे आत्ता बोललात ते परत बोलायचं नाही. कुणापुढे नाही. गुणांसाठी तुम्ही ब्रेक दाबत नव्हता हे कंपनीला कळलं तर कंपनी हात झटकून मोकळी होईल. मग पोराच्या आईला द्यायचे ते तुमच्या खिशातून. दुकान जाईल, घर जाईल, वर खटला. माझी एजन्सी जाईल ती निराळीच."

तो गेल्यावर नवरा-बायको दोघंच राहिले. भिंतीला टेकवलेल्या काचांमध्ये दोघं अंधुक दिसत होते.

"तुम्ही 'थांब' म्हणाला नाहीत," वहिनी म्हणाली.

"म्हणालो. घसा फुटेपर्यंत ओरडलो."

"'हळूच' म्हणालात."

"मग? तेच ना!" काचवाले एकदम उसळले. "हळूच म्हणजे थांबच! इतकी वर्षं काचेचं दुसरं टोक धरलंस तू. मी हळूच म्हणालो की तू काय करतेस? थांबतेस ना? एक पाऊल तरी टाकलंस कधी पुढे?"

"ते दुकानात. दुकानात हळूच म्हणजे थांब. गाडीत तुम्हीच शिकवलंत, अहो. गाडीत हळूच म्हणजे हळूच."

काचवाल्यांना तेव्हा कळलं. माणसाच्या तोंडावर एखादी गोष्ट कळताना दिसते, आणि ती दिसली नसती तर बरं झालं असतं असं वाटतं, तसं झालं. ते काचा कापायच्या टेबलाला धरून खाली बसले. गेलेल्या डोळ्यातूनसुद्धा पाणी येतं हे वहिनीने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिला त्यांचा राग आला होता, भयंकर राग आला होता, आणि तो तसाच पोटात ठेवून ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

डोळे पुसून ते म्हणाले, "सही कर."

"अहो..."

"माझं काय वाटेल ते होऊ दे. पण आता मी आंधळा, तू म्हातारी. हे दुकान गेलं तर आपण रस्त्यावर येऊ. तो पोरगा काही परत येत नाही. सही कर गं. पाया पडतो तुझ्या."

तिने सही केली.

त्यानंतर दुकान परत उघडलं. गाडी मागच्या बोळात झाकून ठेवली, काचा हातगाडीवरून जाऊ लागल्या. बाजारातले लोक मुद्दाम येऊन सांत्वन करायचे. "वहिनी, तुमचं नशीब वाईट. आजकालच्या पोरांना रस्त्याचं भानच नाही." ती मूग गिळून बसायची. काच उचलताना काचवाले आता काहीच म्हणत नसत. नुसते खाकरत. तेवढ्यावर तिने थांबायचं.

एक दिवस टायरच्या दुकानाचा मालक काऊंटरची तडकलेली काच बदलायला आला. माप देता देता म्हणाला, "त्याची आई आली होती परवा, पगार न्यायला. मी म्हटलं, बाई, तुम्ही आम्हाला बोल लावू नका, तो न बघता धावला, पोलिसांनीही तेच लिहिलंय. तर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मला माहीत आहे हो, मेला तसाच होता. नीट वळण लावलं असतं तर जगला असता, माझंच चुकलं." मालक चुकचुकला. "पोटच्या पोराला शिव्या घालते हो दिवसभर. इस्त्री करता करता घालते. बाकीच्या बायकांना ऐकवत नाही."

वहिनीच्या हातातली मापपट्टी आपोआप गुंडाळली गेली. त्या रात्री ती जेवली नाही. कुणी तिला शिव्या घातल्या असत्या, दगड मारला असता, दारात येऊन छाती बडवली असती तर तिने सोसलं असतं. पण मेलेल्या पोराला त्याची आई शिव्या घालते, आणि त्या शिव्या ज्या बाईच्या हक्काच्या ती इथे काचा पुसत बसते, हे तिला सोसवेना.

सकाळी तिने काचवाल्यांचे दोन शर्ट पिशवीत घातले.

"कुठे?" काचवाल्यांनी विचारलं.

"इस्त्रीला."

काचवाले उभे राहिले. दुकानापासून लाँड्री लांब होती, शर्ट घरीच इस्त्री होत, आणि ते काही दुधखुळे नव्हते. ते दाराकडे येऊन तिच्या वाटेत उभे राहिले. ती थांबली. त्यांचा एक हात उचलला गेला, आणि तिला वाटलं आता ते तो शब्द म्हणणार. पण त्यांनी हात दाराच्या चौकटीवर टेकवला, मग काढला आणि ते बाजूला झाले.

लाँड्रीची खोली लांबट होती. ओळीने टेबलं, ओळीने बायका, आणि सगळीकडे ओल्या वाफेचा वास. शेवटच्या टेबलावरची बाई वहिनीच्याच वयाची होती, दंडांनी मजबूत, चेहरा उतरलेला. ती पांढऱ्या चादरींच्या घड्या घालत होती आणि तोंडाने पुटपुटत होती. वहिनी जवळ गेली तशी तिने न बघताच सांगितलं, "कपडे पुढे द्या, काऊंटरवर."

"कपड्यांसाठी नाही आले." वहिनीने पिशवी खाली ठेवली. "मी ती... मी गाडी चालवत होते. त्या दिवशी."

बाईने इस्त्री उभी करून ठेवली. शेजारच्या टेबलावरची बाई बघायला लागली, तिला तिने डोळ्यांनीच दटावलं. मग टेबलाखालचं स्टूल पायाने पुढे ढकललं.

"बसा."

"नको."

"बसा हो. तुमचाच चेहरा मेल्यागत झालाय." वहिनी बसली. बाई पदराने मान पुसत म्हणाली, "तुम्ही आलात हे बरं केलंत. मीच येणार होते, पण तोंड कुठलं दाखवू? माझ्या पोराने तुम्हाला या वयात पोलिसांचं दार दाखवलं. लहानपणापासून असाच तो. हातातली वस्तू सुटली की तिच्यामागे धावायचं, मग पुढे विहीर असो की रस्ता. किती मारलंय मी त्याला त्यावरून. बघून चाल रे मेल्या, बघून चाल. नाही म्हणजे नाही ऐकला. आणखी मारायला हवा होता."

"असं नका बोलू, ताई."

"का नको? सगळे तेच म्हणतात. पोलीस म्हणतात, मालक म्हणतो." तिने पुढची चादर ओढली, पण इस्त्री उचलली नाही. "रात्री झोप लागत नाही. मग एवढंच मनाला सांगते, की ज्या बाईच्या गाडीखाली आला तिने तरी त्याला वाचवायला बघितलं असेल. ब्रेक लावला असेल तिने. लावला होतात ना?"

आता 'हो' म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. 'हो' म्हणून, तिचा हात हातात घेऊन, थोडं रडून वहिनी घरी जाऊ शकत होती. दुकान राहिलं असतं, घर राहिलं असतं, आंधळ्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं असतं. आणि हा पोरगा त्याच्या आईच्या तोंडून जन्मभर मार खात राहिला असता.

"लावला," वहिनी म्हणाली. "हळूच लावला."

"हळूच?"

"तो न बघता आला नाही, ताई. म्हणजे आला, पण मला दिसला होता. लांबून दिसला होता. भरपूर वेळ होता. जोरात दाबला असता तर गाडी थांबली असती आणि तो पलीकडे गेला असता. त्याची चूक नाही. मी लिहून दिलंय ते खोटं आहे. तुम्ही पोलिसांना सांगा, मी नाही म्हणणार नाही."

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिला ते पटकन कळत नव्हतं, आणि तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला.

"दिसला होता?"

"हो."

"मग का नाही दाबलात?"

वहिनीने डबीचं सांगितलं. गुणांचं सांगितलं. गोदामामागच्या जागेचं सांगितलं. नवऱ्याचं मात्र काही सांगितलं नाही, नुसतं 'मी सवय लावून घेतली' म्हणाली. शेजारच्या टेबलांवरच्या इस्त्र्या एकेक करून थांबल्या होत्या. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच ऐकू येत होतं, आणि ते मोठ्याने बोललेलं इतकं क्षुल्लक होतं की तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"म्हणजे ब्रेक दाबला असता तर विमा महाग झाला असता," बाई म्हणाली. "असंच ना?"

"हो."

"आणि नाही दाबला तर पैसे वाचत होते."

"हो."

"किती?"

वहिनीने मान खाली घातली. बाईने तिच्या हनुवटीला हात लावून ती वर केली. हात इस्त्रीने तापलेला होता.

"सांगा ना. किती वाचत होते?"

"अठराशे."

बाईचे ओठ हलले. ती मनात काहीतरी हिशेब करत होती.

"महिन्याला?"

"नाही," वहिनी म्हणाली. "वर्षाला."